शंभराला एक

मी पॅटर्नवाला. शिरोली एमआयडीसी, चौतीस वर्षं.
लाकूड तासून पंपाचं पोट करतो, व्हॉल्व्हचा गळा करतो.
वाळूत दाबतात, काढून घेतात,
उरलेल्या पोकळीत बीड ओततात.
बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकूड शंभराला एक मोठं ठेवायचं.
हा एक मला वडलांनी दिला. भिंतीवर खिळ्यानं कोरून.
बाकी फारसं काही दिलं नाही.

भूपाल मगदूमांनी ती आणली दसऱ्याच्या आदल्या दिवशी,
गोव्याच्या कुठल्याशा खाडीत गंजत पडलेली,
अडतीस फुटी, पोलादी, शिडाची,
पण शीड नसलेली.
ट्रेलरवरनं उतरवली तर वाटलं
गुऱ्हाळाची काहील कुणी चिमटून लांब केलीय.
जहाजांवर इंजिनं सांभाळून रिटायर झालेला माणूस,
रुकडीत दीड एकर, मुलगी पुण्यात.
म्हणाले, हिला नीट करायची, मग आफ्रिकेला वळसा.
पलीकडच्या गाळ्यातनं आवाज आला,
"ऊस किती टन बसंल?"

दस्तगीर मुल्लाणीनं हातोडी घेतली.
पत्र्याला कान लावून ठोकत गेला, वीतभर, वीतभर,
मडकं घेताना बाई वाजवते तसं.
टण्ण वाजलं तिथं सोडलं,
थप्प वाजलं तिथं खडूची फुली.
संध्याकाळी फुल्या मोजल्या. दोनशे अकरा.
मगदूम टायरवर बसले, चहा थंड होऊ दिला,
मग म्हणाले,
"टण्ण किती ते मोजलं न्हाईस व्हय?"

दीड वर्ष कापणं, जोडणं, घासणं.
समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर, मधे सह्याद्री.
म्हणून आम्ही तिला उलटी बुडवली:
टँकर मागवून पाणी आत भरलं
आणि बाहेरून कोरडा हात फिरवत राहिलो,
कुठं घाम फुटतोय बघत.
एकाच जागी फुटला, कण्याजवळ, राईएवढा.
दस्तगीर त्या रात्री जेवला नाही.

नाव ठेवलं कुंभी.
पंचगंगेच्या पाचांत हिची आठवण शेवटी होते.
आमच्या नद्याही अशा,
समुद्र पाठीशी असून तोंड पूर्वेला,
अख्खी दख्खन चालून पलीकडच्या समुद्राला मिळतात.
ही कुंभी तेवढी पश्चिमेला निघाली,
बारा चाकांवर, आंबा घाटानं.
मलकापुरात वायरमन बांबूनं तारा उचलत होता,
वळणावर अडकलेल्या एसटीतली माणसं
खिडकीतनं हात काढून तिच्या पोटाला लावत होती.
मी ट्रेलरमागं टेम्पोत.
मिरकरवाड्याला क्रेननं ती पाण्यात ठेवली
आणि इतका लोखंडाचा धनी मी,
तरी मला वाटलं, आता बुडणार.

शेडमध्ये तिची जागा अजून दिसते,
प्रायमरची तांबडी कड, आत स्वच्छ कोबा.
दस्तगीर तिथं मोटारसायकल लावत नाही.
म्हणतो, ऊन लागतंय.
शेडमध्ये.

चार महिन्यांनी फोन आला, सॅटेलाइटचा,
शब्द पोचायला उशीर, मधे नुसता वारा.
"मिस्त्री, तिसरा ड्रॉवर उघडंना."
तसे नऊ केले होते मी, पॅटर्नच्या उरल्या लाकडातनं,
नख जाणार नाही इतके करकरीत.
जन्मभर आटण्याचाच हिशेब केलेला.
पाण्यावर लाकूड फुगतं हे ऐकून होतो,
हाताला ठाऊक नव्हतं.
"काय हाय त्यात?"
वारा. मग, "चहापूड."
"फोडा की."
बराच वेळ काही नाही.
"नको. कोरडी हवा लागंल कुठंतरी. बघू."

फोन ठेवून मी भिंतीशी गेलो,
वडलांच्या आकड्याखाली खिळ्यानं एक रेघ मारली.
किती सोडायचं ते लिहिलं नाही.
कुंभी परत आली की
ड्रॉवर मोजून लिहीन.