कस

कार्डावर दोन रेघा उमटतात.
वरची कुणाचंही रक्त टाकलं तरी येते,
ती फक्त सांगते, कार्ड चालू आहे.
खालची हिंदुराव मुळिकांची,
इतकी फिकी की खिडकीपाशी नेऊन पाहिली,
मग ट्यूबलाइट बंद करून,
मग लावून.

हर्नियाच्या ऑपरेशनआधीची साधी तपासणी.
सव्वीस वर्षं सेलमला गलाईचं दुकान,
आता परत विट्यात.
त्यांनी कार्डाला हात लावला नाही,
वाकून, एक डोळा मिटून बघितलं:
"कसोटीवरची रेघ आहे ही, मॅडम.
सोनं घासलं तरी पडते, पितळ घासलं तरी.
तेजाब लावल्याशिवाय बोलायचं नाही."

आमचं तेजाब म्हणजे एलायझा.
शहाण्णव खड्ड्यांची ताटली,
त्यांचा खड्डा पिवळा झाला,
आकडा हद्दीच्या जरासा वर.

म्हटलं, काका, ह्यात विषाणू दिसत नाही,
त्याच्यावर भुंकलेलं कुत्रं दिसतं.
चोर घरात आहे की कधीच पळाला,
ते कुत्र्याला विचारून कळत नाही.
"मग मूस तापवा," ते म्हणाले.

मूस मिरजेला.
बर्फाच्या डब्यातून, तासगावमार्गे,
कंडक्टरच्या पायाशी.
तिथे साक्षीदार चालत नाही, आरोपीच लागतो:
असलाच तर एकाचे दोन, दोनाचे चार,
चाळीस फेऱ्या,
लपायला जागा उरत नाही.

त्याच डब्यात आणखी एक नळी,
करिष्मा नदाफ, वय एकोणीस,
आठवड्यातून दोनदा डायलिसिस.
कार्ड कोरं. खड्डा पाण्यासारखा.
मी पाठवलीच नसती,
पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनदा रेघ ओढली होती.

गुरुवारी दोन्ही रिपोर्ट आले.
मुळीक: आढळला नाही.
नदाफ: अकरा लाख चाळीस हजार.

नळ्यांची अदलाबदल झाली, असंच वाटलं.
नावं ताडली, नंबर ताडले,
मिरजेला फोन केला.
बरोबर होतं.
थकलेल्या अंगातलं कुत्रं
भुंकायलाच उठलं नव्हतं.

"म्हणजे माझा टंच चोख?"
चोख. पण कसोटीवर रेघ जन्मभर पडणार,
जिथं जाल तिथं हा कागद सोबत ठेवा.
त्यांनी चार घड्या घातल्या, पाकिटात ठेवला,
मग विचारलं, "आला कधी होता?"
त्याची तपासणी नाही माझ्याकडे.
ते जिना उतरता उतरता थांबले:
"नव्याण्णव साली कावीळ झालेली.
एकच सुई, पातेल्यात उकळायचा तो."
आणि गेले.

करिष्मा भावाबरोबर आली.
बारा आठवड्यांच्या गोळ्या, डॉक्टर सांगतील,
एवढंच मी म्हणाले.
ती म्हणाली, "पण कार्ड तर कोरं होतं ना?
तुम्हीच दाखवलं होतं."

वीस मिनिटांनंतर कार्ड वाचायचं नाही,
पाकिटावर छापलेलं असतं.
तिचं मी टाकलं नव्हतं.
संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
खिडकीपाशी नेलं.

कोरंच होतं.