कलम दोन, व्याख्या

‘हस्तिदंत म्हणजे
हत्ती, पाणघोडा, वॉलरस, मॅमथ
यांचा दात अथवा सुळा,
किंवा त्याचा कोणताही तुकडा.’

मराठीत हे लिहिताना अडतं.
शब्दातच हत्ती बसलाय,
उठवायला गेलं तर शब्द मोडतो.
खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे,
एवढं आपल्याला ठाऊक;
विकायचे कुठले, ते या कलमात.

खोली क्रमांक चौदा. नऊ सभासद, दोन गैरहजर.
पियानो दुरुस्त करणारा म्हातारा बोलून गेला,
बोटं टेबलावर वाजवत.
प्राणिसंग्रहालयाची बाई चित्रं दाखवता दाखवता रडली.
आता फोनवर सवूंगा, अलास्का.
वेळ दोन मिनिटं.

आधी नुसता वारा.
मग डेल्मा अपाटिकी म्हणाली,
आवाज पोचतोय का माझा?
पोचतोय, बाई. बोला.

मी दात कोरते. वॉलरसचा.
काका मारून आणतो, वसंतात, बर्फ फुटताना.
मांस अकरा घरांत जातं,
कातडं बोटीला.
उरलेल्या दाताचे मी पक्षी करते.
एक पक्षी म्हणजे आठ दिवसांचं तेल, स्टोव्हला.
तुमच्याकडच्या दुकानदारानं
मागच्या महिन्यात पेटी परत पाठवली,
फोडलीसुद्धा नव्हती.
म्हणाला, कायदा येतोय, आत्तापासूनच नको.

हिरवा दिवा पिवळा झाला.

हत्ती मी पाहिलेला नाही.
फोटो पाहिला, चेहरा कापून नेलेला.
तो बघून मला आमचाच किनारा आठवला.
एका उन्हाळ्यात तीन धडं वाहत आली होती,
मुंडकी नसलेली.
कुणी केलं, गावाला ठाऊक आहे.
नाव मी घेणार नाही.

सभासदांनी पहिल्यांदाच
कागदावरून मान वर केली.

तेव्हा कायदा कराच.
फक्त आमच्या जनावराला
हत्तीच्या रांगेत उभं करू नका,
त्याला त्याच्या नावानं लिहा.
आयवेक.
लिहून घेताय ना? सांगते. आ...

लाल.

कारकुनाच्या तक्त्यात चौकोन दोनच होते:
बाजूने, विरोधात.
त्यानं पेन थोडं हवेत धरलं,
मग दुसऱ्यात खूण केली
आणि पुढचं नाव पुकारलं,
चाकूच्या मुठी विकणाऱ्याचं.

तिकडे, बंद पडलेला फोन कानाशी धरून
डेल्मा एकेक अक्षर सांगतेय,
सावकाश,
लिहिणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून.