गाडीखालचा पुठ्ठा

हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून
रोज रात्री गाडीखाली सरकवतो,
सकाळी दूध घेण्याआधी बाहेर ओढतो.
परवा चौदा थेंब. काल अकरा.
प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल, बाजूला तारीख.
‘देवगड’मधला ‘व’ आता वाचता येत नाही.

सहासष्ट सालची फोक्सवॅगन.
चेंबूरच्या आमच्या सोसायटीतली पोरं तिला कासव म्हणतात.
इंजिन मागे, डिकी पुढे, रेडिएटर नाहीच.
नळाला पाणी दिवसातून पाऊण तास येतं,
तिला त्याचं काही नाही.
ती वाऱ्यावर जगते. वाऱ्यावर आणि तेलावर,
आणि त्यातलं बरंचसं गिडवानींच्या नव्या फरशीवर सांडते.
गिडवानी सेक्रेटरी. लिफ्टशेजारी त्यांची नोटीस:
काही सभासदांच्या वाहनांमुळे.
काही सभासद म्हणजे मी.

चौतीस वर्षं माहुलला रिफायनरीत काढली.
फ्लँज, व्हॉल्व्ह, ग्लँड. ठिबकलं की पाना.
गच्चीवरून ती ज्योत अजून दिसते,
आणि इथे अडीच लिटर तेल
मला एका जागी ठेवता येत नाही.

इंजिनच्या पोटाखाली एक गोल पत्रा, त्याला सहा नट.
थेंब तिथूनच सुटत होता, म्हणून आवळले.
दुसऱ्या दिवशी सतरा.
पुन्हा आवळले.
एक स्टड दुधाच्या दातासारखा हातात आला.

कुर्ल्याचा बब्बन मिस्त्री आता डोळ्यांनी अधू.
फोनवर म्हणाला, चालू करा, ऐकवा.
ऐकवलं.
म्हणाला, इंजिन खूश आहे साहेब. तुम्ही नाही.

मग कुंदा चहा घेऊन खाली आली,
गुडघे धरत वाकली.
कुठून येतंय?
खालून.
खाली येतंय, ते दिसतंय मला. कुठून येतंय?

ती सायनला कॅज्युअल्टीत होती, बहुतेक नाइटला.
म्हणाली, पोट माखलेलं असतं
आणि जखम निघते काखेत.
आधी पूस.

रॉकेल हल्ली कुठे मिळतं? डिझेलने धुतलं,
जुन्या टूथब्रशने, फटीफटीतून,
ॲल्युमिनियमचा मूळ रंग दिसेपर्यंत.
ती वर जाऊन घामोळ्यांच्या पावडरीचा डबा घेऊन आली,
तळहातावर घेऊन फुंकत गेली,
सगळं इंजिन पांढरं.
दहा मिनिटं चालू ठेवलं.
पार्किंगभर पुदिना आणि पेट्रोल.

आणि मग त्या पांढऱ्यावर
एक काळी रेघ, केसाएवढी.
तिसऱ्या सिलिंडरजवळच्या पुशरॉडच्या नळीच्या टोकापासून
तिरकी, दबकत, केसिंगच्या कडेने
थेट त्या पत्र्यापर्यंत.
तिथे टपकत होती.
पत्र्याचा काही दोष नव्हता.
आता आहे. वाकवलाय मी.

नागदेवी स्ट्रीटवर पोटमाळ्यावरच्या माणसाने
सील अंगठ्याने दाबून दाखवलं, परत फुगतं का बघा म्हणाला.
स्प्रिंगवाली नळी पुण्याहून कुरिअरने.
हेड न उतरवता बसते ती,
फक्त श्वास धरून दाबायची, जागेवर आली की सोडायची.
चार वेळा निसटली. पाचव्यांदा बसली.
कुंदाने टॉर्च धरला होता,
तिचा हात अजून हलत नाही.
रॉकर कव्हरला कॉर्कचं नवं पॅकिंग,
वर तारेची पट्टी, खट्.
उरला तो पत्रा. हातोडीने जमेल तितका सरळ केला,
नवा स्टड घातला, पाना लावला आणि थांबलो.
किती आवळू?
ती म्हणाली, रक्त थांबेल इतकं.
बोट काळं पडेल इतकं नाही.

आज सकाळी पुठ्ठा ओढला.
तीन थेंब, तिन्ही पत्र्याखालचे.
हे गाडीचे नव्हेत, माझे.
गोल केले, तारीख घातली.
गिडवानी मॉर्निंग वॉकहून येताना
चष्मा वर करून फरशी बघत उभे राहिले,
मग नाक वर करून जरा वेळ हुंगत.
कसला वास येतोय हो?

मी काही बोललो नाही.
इंजिन तापलं की अजून येतो,
पाठीवर पावडर लावून घेतलेल्या माणसासारखा.