दोन प्रबंध, एकच खळ

म्हापशाच्या बाजारात, चोरीसाच्या माळा टांगतात
त्या गल्लीमागे माझी बांधणीची खोली.
खळ मी स्वतः शिजवतो: मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद,
म्हणजे झुरळं अभ्यास करत नाहीत.

मार्चअखेर. विद्यापीठाची तारीख डोक्यावर.
एकाच शुक्रवारी दोघी आल्या.
हळर्णकर डॉक्टरीण, बांबोळीहून, स्कूटरवर.
हेल्मेट न काढताच म्हणाल्या, चार प्रती, काळं कापड.
आणि इर्मा फालेरो, युरोपच्या इतिहासाची,
जिने गठ्ठा ठेवण्याआधी माझं टेबल
आपल्या रुमालाने पुसून घेतलं.
तिलाही चार. मरून.

मी वाचत नाही, मोजतो.
पानं ठोकून सरळ करतो, पाठीला करवत लावतो, दोरा ओवतो.
पण शिवताना डोळे कुठे ठेवायचे?

डॉक्टरणीच्या पानांत सत्तरीतली गावं,
आणि मुलांच्या नावांऐवजी आकडे.
दंडाचा घेर: साडेअकरा सेंटिमीटर.
मी तेवढी सुतळी कापून तिचं कडं केलं.
दोन बोटं गेली.
तिसरं अडलं.

इर्माच्या पानांत पोर्तुगालातलं कुठलंसं शहर,
भिंतीत बसवलेलं एक लाकडी पिंप.
बाहेरून त्यात मूल ठेवायचं, पिंप फिरवायचं,
घंटा ओढायची आणि अंधारात निघून जायचं.
आतली बाई वहीत लिहून घ्यायची:
रात्रीचे नऊ. मुलगी. निळी फीत, तिरकी कापलेली.
उरलेली अर्धी आईकडे,
कधी परत आलीच तर खूण पटावी म्हणून.
हे सगळं इर्मानेच सांगितलं,
सोनेरी अक्षरं तपासायला आली तेव्हा.
मी विचारलं, किती जणी आल्या परत?
म्हणाली, तेच तर माझं चौथं प्रकरण.
मग थोड्या वेळाने: फार लहान प्रकरण आहे ते.

दुपारी वीज गेली, आली,
आणि पंखा सुरू झाला तो पाचावरच.
दोन्ही गठ्ठे खोलीभर.
मी गुडघ्यांवर, दोनशे बारा कुठे, दोनशे बारा कुठे.
कागद एका मापाचा, शाई एका दुकानातली,
पानाचे आकडेही दोघींचे सारखेच.
एका पानावर: पुढे संपर्क नाही, अकरा.
एकावर, समासातल्या कारकुनाच्या ओळीचा अर्थ:
विचारायला कुणी आलं नाही.
कुठलं पान कोणाचं, क्षणभर कळेचना.
मग तळटिपांवरून लावली.
इर्माला तळाशी टिपा लागतात,
डॉक्टरणीचे नुसते कंसातले आकडे.

संध्याकाळी त्या पैसे द्यायला आल्या.
राहवलं नाही, विचारलं: ते अकरा?
त्यांनी हेल्मेट काढलं, स्टुलावर बसल्या.
खाण बंद पडली, म्हणाल्या, ट्रक विकले, बिऱ्हाडं हलली.
मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा दाराला कुलूप,
आणि ओसरीत आमचाच वजनकाटा, उलटा ठेवलेला,
त्यावर कोंबडी बसलेली.
एकीचं नाव पाठ आहे मला.
ते छापता येत नाही.

रविवारी फीत संपत आली. खुणेची, हिरवी.
शेवटच्या दोन प्रती राहिल्या होत्या, दोघींची एकेक,
आणि फीत हातभर. दुकानं बंद.
मधोमध कापायला गेलो,
कात्री बोथट, काप तिरका गेला.
अर्धी काळ्यात डकवली, अर्धी मरूनमध्ये.

आता एक बांबोळीच्या कपाटात असेल,
एक ताळगावच्या पठारावर.
दोन्हीकडे थंडगार यंत्रं, दोन्हीकडे कार्ड दाखवल्याशिवाय
आत सोडत नाहीत.
कधी कुणी दोन्ही उघडलीच
तर टोकाला टोक लावून बघावं.

मी मुद्दाम काही केलेलं नाही.
बिलात फीत धरली नाही, इतकंच.