दुसरं गेट पडलं की

टिळकवाडीतलं दुसरं गेट पडलं
की माझा वर्ग भरतो.
कुणाला "हलू नका" म्हणावं लागत नाही.
मालगाडी असली तर सात मिनिटं,
पॅसेंजर असली तर एक नाक
आणि जेमतेम अर्धा कान.

वही म्हणजे किराणा खात्याची, लाल पुठ्ठ्याची,
खडेबाजारातून डझनावर घेतलेली.
डावीकडं जमा, उजवीकडं नावे.
जमा : कॅम्पातल्या नव्या शिपायाची मान,
कातरलेल्या केसांखाली पांढरी पट्टी,
जिथं अजून ऊन पोचलेलं नाही.
जमा : कडोलीच्या बाईचा अंगठा,
रताळ्यांच्या पोत्याच्या सुतळीत अडकलेला.
नावे : तिचा चेहरा.
तोवर गेट उघडलं.

गेटमन इराप्पा खिडकीतून वाकतो :
"एन बरीतीरी, अक्का?"
काय लिहिताय.
त्याच्या भाषेत चित्र लिहितात.
माझ्या भाषेत काढतात,
विहिरीतनं पाणी काढतात तसं,
पायातला काटा काढतात तसं,
किंवा दहा बाय दहाच्या खोलीत
दोन पुस्तकांच्या मधले महिने काढतात तसं.
मी त्याला सांगतो, "काही नाही, हिशेब."

हो, सांगतो.
पुण्याच्या संपादकबाई फोनवर हसतात,
"अहो, तुम्ही पाठवतो म्हणालात!"
माझी आईही आलो, गेलो, जेवलो म्हणायची
आणि तिच्यासारखी बाई गल्लीत दुसरी नव्हती.
निपाणीच्या पुढं गेल्यावर मी जिभेला
'आले' नेसवतो,
परत येताना संकेश्वरला चहा पिताना
ते आपोआप सुटतं.

संकेश्वरचा चहा सोडा, मुद्दा पाटीचा होता.
तिसरीच्या पुस्तकात 'बाजार' नावाचा धडा.
मी बोहारीण काढली, कुंद्याचं दुकान काढलं,
तराजूत बसलेलं मांजर काढलं
(मांजर कापलं गेलं),
आणि दुकानावरची पाटी कोरी ठेवली.
"पाटी कोरी का?" पुण्याहून.
तेच चित्र धारवाडच्या पुस्तकाला दिलं होतं,
तिथूनही तोच प्रश्न, दुसऱ्या लिपीत.
दोघांना एकच उत्तर कळवलं :
ऊन पडलंय तिच्यावर.

खोटं नव्हतं ते.
शहापुरात मोनाप्पा पेंटर पाट्या रंगवायचे,
सुट्टीत मी त्यांचे ब्रश धुवायचो.
म्हणायचे, मराठी अक्षर दोरीवर वाळत घातलेलं,
कन्नड अक्षर ताटात वाढलेलं,
हात दोन्हीला एकच लागतो, पोरी,
फक्त मनगट कुठं सैल सोडायचं ते बघ.
एकाच दुकानाची पाटी त्यांनी चारदा रंगवली,
चारही वेळा मजुरी घेतली,
एकदाच भांडले, रंग पातळ दिला म्हणून.
संध्याकाळी तिरपं ऊन आलं
की वरच्या अक्षरांखाली
खालची अक्षरं फुगून दिसायची,
चादरीखाली झोपलेल्या पोरांसारखी.
ते कसं काढायचं
मला अजून जमलेलं नाही.
तेवढ्यासाठी चार वह्या खर्ची पडल्या.

आज मालगाडी. डबे मोजणं मी सोडून दिलंय.
रताळीवाली स्कूटरपाशी आली,
वहीत डोकावली, स्वतःच्या हाताकडं बघितलं.
"हे माझंच काय गे?
नख एवढं काळं न्हाई माझं."
मी खोडरबर काढलं.
"ऱ्हाऊ दे. आन तोंड खट्टे गेलं?"
म्हटलं, तोंडाच्या वेळी गेट उघडलं.
ती हसली. समोरचा एक दात नव्हता,
आणि तो नसलेला दात मला इतका हवा होता
की पेन्सिल उलटी धरली गेली.
गेट उचललं. मागून हॉर्न, शिव्या,
दोन्ही भाषांतल्या, समजायला सोप्या.

"शनवारी येतो," ती म्हणाली,
पोतं डोक्यावर घेत. "भावकूबाई म्हणून विचार."

नावेच्या रकान्यात लिहिलं :
भावकूबाई, कडोली. चेहरा एक.
दात सोडून.