सहा ते सात

समुद्र नाशकात येतो
तो ठक्कर बाजारच्या पार्सल खिडकीवर,
रात्रभराच्या एसटीने, आमसुलांच्या जुन्या बरणीत.
सही करा, म्हणतो खिडकीतला माणूस, आणि हात हुंगतो.

बरणीत पुड्या, अंगाऱ्याच्या असतात तेवढ्या.
प्रत्येकीत तांबोशीच्या कानातले दोन खडे,
वर शिसपेन्सिलीने, कारण शाई ओलीत टिकत नाही:
तारीख, किती वाव पाणी, खडकाच्या आत की बाहेर.
अक्षर दत्ताराम तारींचं.
'बाहेर'मधला ह गळासारखा वाकडा.

गंगापूर रोडवर, दातांच्या दवाखान्याच्या वर आमची खोली.
खाली दात कोरतात, वर आम्ही खडे कापतो;
दोन्ही यंत्रांचं रडणं एका जातीचं.
राळेत बसवायचा, नखाहून पातळ चकती काढायची,
घासायची, आणि भिंगाखाली
मधल्या ठिपक्यापासून बाहेर चालत यायचं.
एक उजळ, एक काळसर: एक वर्ष.

मी सात मोजते.
मालेगावची फिरदौस पलीकडच्या मेजावर,
माझा आकडा न बघता, सहा.
आम्ही भांडत नाही. चहा होतो. पुन्हा मोजतो.
ती सहा, मी सात.
शेवटचं वलय केसासारखं:
धरलं तर वर्ष, सोडलं तर नुसती कड.

त्या खडकाभोवती जाळं टाकायला बंदी आहे, तीन वर्षांची.
येत्या नारळी पौर्णिमेला संपते.
पण हे खडे पहिल्यांदाच गाभोळी धरलेल्या माद्यांचे.
म्हणजे बंदीत जन्मलेलं पिल्लू
बंदी उठेल तेव्हा अजून पोरच.
समितीला हवा एक आकडा.
सहा आणि सातच्या मधल्या वर्षात
कुणाच्या चुलीवर काय शिजणार
त्याला रकाना नाही.

माझा बाप भोई. नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यावर
त्याची होडी नव्हती, ट्रॅक्टरची ट्यूब होती.
एका हिवाळ्यात काठावर पाटी आली, वर पक्ष्याचं चित्र.
पाखरांवर त्याचा राग नव्हता.
"मोजलं कुणी?" एवढंच विचारायचा,
पाटीला, तलाठ्याला, मला.
मी नववीत. मला वाटायचं, पैशांचं बोलतोय.

संध्याकाळी तारींचा फोन. मागे लाटा, नाहीतर पंखा.
"किती निघाली, बाय?"
सहा म्हणून मोकळं होता आलं असतं.
म्हटलं, मी सात म्हणते, दुसरी सहा म्हणते,
अजून चाळीस पुड्या पाठवा.
बराच वेळ काही नाही. मग,
"म्हणजे तुमका म्हायत नाय."
नाही, काका. अजून नाही.
"बरा झाला सांगितलास. आजवर जो इलो
तो म्हायत आसल्यासारखोच इलो."
आणि ठेवता ठेवता, "समुद्र बघितलंस कधी?"
दोनदा. एकदा शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला.
ते हसले. मीही.

अहवालात लिहिलं: सहा ते सात.
समितीच्या साहेबांनी विचारलं,
मधला 'ते' काढता येईल का?
नाही काढला.

मंगळवारी बरणी आली. एक्केचाळीस पुड्या.
जास्तीच्या पुडीवर तारीख नाही, वाव नाही,
फक्त: "बापाशीन धरलेली. देव्हाऱ्यात होतो. मोजा."
आत खडा, अंगठ्याच्या पेराएवढा, हळदीने पिवळा,
आमच्या चिमट्यात न मावणारा.
एवढी तांबोशी आम्ही दोघींनी चित्रातसुद्धा पाहिलेली नाही.

मोजायचा तर कापावा लागेल.
फिरदौसने करवतीचं बटण बंद केलं.
खाली डॉक्टरांचं यंत्र चालूच.
मी तारींना फोन लावला आहे.
रिंग जाते आहे.