पाव सेकंद

केमीत दुपारी दोनलाच दिवे.
इल्मारीने नव्या कन्सोलवर तोच जुना गेम उतरवून घेतला;
कॅसेट माळ्यावर, की भावासोबत ओस्लोला गेली, कुणास ठाऊक.

तिसऱ्या पुलावर वटवाघळांची झुंड यायची
तेव्हा जुना डबा धापा टाकायचा,
चित्र अडखळायचं,
आणि त्या फटीत वेइक्को ओरडायचा: आत्ता!

आता काहीच अडखळत नाही.
पाणी काचेसारखं, वटवाघळांच्या अंगावरची लवसुद्धा दिसते.
अकरा वेळा दरीत.
अंगठा अजून थांबतो
मशीनला दम लागेल म्हणून.
ते दमतच नाही, मेलं.

शेवटी व्हिडिओ कॉल.
वेइक्कोला टक्कल, हातात लेकीचा ओला बूट.
"आत्ता!" तो म्हणाला, ओस्लोहून,
पाव सेकंद उशिरा.

बाराव्यांदा दरीत.
दोघं हसलेही,
जरा मागेपुढे.